अर्धवट धुतलेलं पाणी

मोहखेड, ९ ऑक्टोबर २०२३

ज्योत्स्ना बाई,

तू म्हनली होती, मावशी, व्हॉट्सॲपवर लिहीत जाय. पन तो फोन घरात सारेच पाह्यतात, आन् माया कानाले आता फोनवरचं काईच समजत नाई. म्हनून कागद घेतला. बत्तीस वर्षं नर्सबाई होती, रजिस्टरं भरून भरून अक्षर वळनाचं झालं हाये. तुले लागन.

गोष्ट अशी हाये. शाळेत लोहाच्या गोळ्या वाटायच्या असल्या का मलेच बलावतात अजून. मागल्या हप्त्यात दुसरी-तिसरीतल्या तीन पोट्ट्या पायल्या. सात, साडेसात वर्षांच्या. छातीले उभार आला हाये. एकीची माय म्हने, बाई, खाऊनपिऊन अंगानं भरली. मी बोटानं दाबून पायलं. चरबी नोये ते, गाठ हाये. अशी गाठ अकराव्या-बाराव्या वर्षी येते, मी हजार पोरी पायल्या असतीन. एका गावात एकदम तीन? आमच्या शेजारच्या पंचफुलाच्या बकरीले पिल्लू झालं, ते नर का मादी हे जनावराच्या डॉक्टरलेही सांगता आलं नाई.

नाल्याच्या पान्यावर पांढरा फेस येऊन राह्यला. सारं गाव नाल्याकाठच्या विहिरीचं पानी पेते. त्या विहिरीच्या पान्याची बाटली शेलूबाजारच्या जीपवाल्यापाशी देली हाये, तो नागपूरच्या गाडीत टाकून देईन. तू पान्याचंच शिकली, म्हनून तुले इचारते. त्यात काय हाये ते पाय.

आन् सध्या कोनाले बोलू नको. माया पोराले, हरीओमलेही नाई.

तुयी मावशी
मनकर्णा


नागपूर, २ नोव्हेंबर २०२३

मावशी,

तुझी बाटली पोचली आणि मी ती त्याच दिवशी प्रयोगशाळेत नेली. तुझा संशय खरा आहे.

त्या पाण्यात साबणासारखं एक रसायन आहे. कारखान्यांत तेलकट, चिकट वस्तू धुवायला वापरतात ते. त्याच्या रेणूला लांब शेपूट असतं. शेपूट शाबूत असेपर्यंत ते शरीराला फारसा त्रास देत नाही. पण ते तुटत तुटत आखूड झालं की जो तुकडा उरतो, त्याला शरीर फसतं. बाईच्या अंगातलं संप्रेरकच आलं असं त्याला वाटतं. तो तुकडाही तुझ्या पाण्यात आहे. थोडाच आहे, पण लहान मुलीच्या अंगात स्वतःचं संप्रेरक नसल्यासारखंच असतं, तिथे थोडंही पुष्कळ होतं. मुलींना त्यानेच झालं असं मी अजून म्हणणार नाही. पण नाही असंही म्हणणार नाही.

आता चांगली बातमी. गेली चार वर्षं मी याच कामात आहे. ओझोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यात एकत्र सोडले की असे भुकेले कण तयार होतात की समोर येईल तो रेणू ते तोडत जातात. आगीशिवाय जाळणंच म्हण. पुरतं जळलं की मागे जवळजवळ काही उरत नाही. आमच्याकडे एक लहान यंत्र तयार आहे आणि ते लावून बघायला आम्हाला गाव हवंच होतं. माझ्या सरांनी होकार दिला आहे. विहिरीतून गावच्या टाकीत पाणी चढतं, तिथे मध्ये ते बसेल.

एकच सांग. हा फेस येतो कुठून? नाल्याच्या वरच्या अंगाला कोणाचा कारखाना, धुलाई, असं काही आहे का? ते कळलं तर यंत्र किती मोठं लागेल याचा हिशेब बसेल.

मुलींना सध्या दुसरं पाणी द्यायला सांग. तू स्वतःही ते पिऊ नकोस.

तुझी
ज्योत्स्ना


मोहखेड, २८ जानेवारी २०२४

ज्योत्स्ना,

मशीन बसली. तू आली तेव्हा गर्दीत तुयाशी धड बोलनं झालं नाई. सरपंच गोविंदसिंग तं फेटा बांधून मशीनीजवळ फोटो काढून घेऊन राह्यला. टाकीखाली उभं राह्यलं का पाऊस पडून गेल्यावर विजेचा वास येते तसा वास येते. बाया म्हनतात, पानी गोड लागते. गोड-बिड काई नाई, पन लोकायले बरं वाटलं.

हरीओमनं लय मदत केली. मशीनीले खोली त्यानंच देली, मीटरही त्याच्याच नावावर. पोरगा माया हाये म्हनून नाई सांगत, पन अंग मोडून राबला. तुले तो इचारत होता ना, ताई, ही मशीन किती घान खाऊ शकते? मी त्याच्या ओठावरून समजली. तू त्याले काय सांगतलं ते मले समजलं नाई, तुयं तोंड पाठमोरं होतं.

फेसाचं तू इचारलं होतं. वरतं कारखाना नाई. शेतं हायेत.

मनकर्णा


नागपूर, १९ एप्रिल २०२४

मावशी,

आज मला तुझ्याजवळ बसून पेढा भरवायला हवा होता. तीन महिन्यांचे निकाल हातात आले. आत जाणाऱ्या पाण्यात ते साबणाचं रसायन होतं, बाहेर पडणाऱ्या पाण्यात शंभरातले सत्त्याण्णव भाग नाहीसे! सरांनी परिषदेत माझ्या नावाने निबंध वाचायला सांगितलं आहे. गोविंदसिंगना मी सहीशिक्क्याचं पत्र पाठवलंय की पाणी पिण्याजोगं आहे. त्यांनी नोव्हेंबरपासून टेकडीपलीकडच्या विहिरीवरून येणारा टँकर बंद केला असं हरीओम फोनवर म्हणाला. बायकांची तेवढी धावपळ वाचली.

एक चाचणी राहिली आहे. पाण्यात संप्रेरकाचा गुण उरलाय का, हे एका प्रकारच्या जिवंत यीस्टवर बघतात. तिला वेळ लागतो आणि ती आमच्याकडे होत नाही. पावसाळ्यानंतर करून घेऊ, घाई नाही. मूळ रसायनच गेलं म्हटल्यावर तिचा निकाल काय येणार ते दिसतंच आहे.

हरीओमने विचारलं होतं त्याचं उत्तर मी त्याला तेव्हाच दिलं होतं. आत्ता येते त्याच्या दुप्पट घाण हे यंत्र सहज खाईल. काळजी नको.

त्या तीन मुली कशा आहेत? हरीओमची वैष्णवी काय म्हणतेय? तिचं एक चित्र पाठव म्हणावं आत्याला.

ज्योत्स्ना


मोहखेड, २२ ऑगस्ट २०२४

ज्योत्स्ना,

सात महिने मी लिहिलं नाई. तुयी दोन पत्रं आली, ती उशाखाली ठेवली. लिहायचा धीर होत नव्हता.

मशीनीचा तो विजेचा वास आता येत नाई. दिवा लागते, मोटर चालते, पन वास नाई. नाल्यात फेस गुडघ्याएवढा झाला. पोट्ट्या तीन होत्या, आता सहा झाल्या.

त्यात आपली वैष्णवीही हाये.

खरं सांगू का, पयल्या तिघींतच ती होती. मी तुले तिचं नाव नाई सांगतलं. नात हाये, घरातली गोष्ट घरातच राहो म्हनून. परवा शाळेतून आली तं फ्रॉकले मागून डाग होता. तिले वाटलं, लागलं कुठंतरी. रडलीही नाई. मले म्हने, आजी, पट्टी लावून दे. आठ वर्षाच्या लेकराले मी काय समजावून सांगू? बत्तीस वर्षं दुसऱ्यायच्या पोरीयले सांगतलं, तिले नुसती कापडाची घडी करून देली.

वाशीमच्या डॉक्टरनं अकोल्याले धाडलं. तठचा डॉक्टर म्हने, आत्ताच थांबवलं नाई तं उंची अठीच थांबन. अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवसांनी सुई, काही वर्षं. मी कागदावर लिहून इचारलं, हे पान्यानं होते काय? त्यानं खाली लिहिलं, कोणीच खात्रीने सांगू शकत नाही.

आमी मशीनीचंच पानी पेतो, बाई. तू सांगतलं म्हनून. पयले मी वैष्णवीले टँकरचं पाजत होती. तुयं पत्र आल्यावर तेही सोडलं.

ती मशीन खरंच पानी साफ करते काय?

मनकर्णा


नागपूर, १७ सप्टेंबर २०२४

मावशी,

हे पत्र मिळाल्या क्षणी यंत्राचं पाणी बंद कर. गोविंदसिंगना मी फोन केला, ते म्हणाले, मॅडम, तुमचंच पत्र आमच्या भिंतीवर लावलं आहे. म्हणून तुला लिहितेय. तू लोकांना सांगितलंस तर ऐकतील.

तुझं पत्र वाचून मी दुसऱ्याच दिवशी आले होते. तुला न भेटता गेले. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. यंत्रात जाणारं आणि बाहेर पडणारं, दोन्ही पाणी घेऊन मी ते पुण्याला पाठवलं, यीस्टच्या त्या चाचणीसाठी. रांग मोडून ती लवकर करून घेतली, काल निकाल आला. आत जाणाऱ्या पाण्यात संप्रेरकाचा जेवढा गुण आहे, त्याच्या चौपट बाहेर पडणाऱ्या पाण्यात आहे.

काय झालं ते सांगते. घाण फार वाढली आहे, दुप्पट नाही, पाच-सहा पट. तेवढ्याला ओझोन पुरत नाही. तो वास यायचा थांबला तो यामुळे, सगळा ओझोन वाटेतच संपत होता. अपुऱ्या ओझोनने रेणू पुरता जळत नाही, फक्त त्याची शेपटी तोडली जाते. लांब शेपटीचं, फारसा त्रास न देणारं रसायन आत जातं आणि बाहेर पडतो तोच तुकडा, ज्याला शरीर फसतं. मी शोधत होते मूळ रसायन. ते खरंच नाहीसं झालं होतं. मी कागदावर सत्त्याण्णव लिहिलं, ते खोटं नव्हतं. आणि त्याच कागदाने गावाला फसवलं.

एप्रिलमध्येही काही प्रमाणात हेच होत असणार. ती चाचणी करायला मला सहा आठवडे लागले असते. परिषद चार आठवड्यांवर होती. हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. सर म्हणतात, अंतिम अहवालापर्यंत थांब.

मावशी, एवढी घाण शेतातून येत नाही. तुला माहीत आहे का, ती कुठून येते?

ज्योत्स्ना


मोहखेड, ६ ऑक्टोबर २०२४

ज्योत्स्ना,

माहीत हाये. पयल्या दिवसापासून माहीत हाये.

आपल्या वरच्या वावरात हरीओमनं टिनाचं शेड टाकलं, त्याले तीन वर्षं होतील. ट्रक येतात, निळे ड्रम उतरतात. कोनते रंगाचे, कोनते फवारणीच्या औषधाचे, काईवर खोपडीचं चित्र. चार मानसं साबनाचं पानी मारून धुतात, चित्र खरडून काढतात, मंग ते ड्रम पानी साठवायले इकतात. धुतलेलं पानी नाल्यात. मी तुले लिहिलं, वरतं शेतं हायेत. शेतच हाये ते, म्हनून मनाची समजूत घातली. मले वाटलं, तू मशीन लावशीन, पानी साफ होईन, पोराचंही चालत राहीन. दोन्ही जमन.

तुयं पत्र वाचलं आन् मी शेडवर गेली. त्याचे ओठ मले समजतात, पोटचा हाये.

मी म्हनलं, "बंद कर हे."

"कायले?"

"वैष्णवीले याच पान्यानं झालं."

"डॉक्टर तं नाई म्हनला तसा. आन् मशीन हाये ना तठी. ताईनंच सांगतलं, दुप्पट घान खाते. म्हनून तं मी दुसरं शेड टाकलं."

"मशीनीनं पानी अजून खराब होऊन राह्यलं. तिनंच लिहिलं."

त्यानं खिशातून कागद काढला. तुयं सहीशिक्क्याचं पत्र, झेरॉक्स केलेलं. म्हने, "हे पाय, पानी साफ हाये. ट्रकवाल्यायले हेच दाखोतो मी. तहसीलचा मानूस आला होता, त्यालेही हेच दाखोलं. आता कोनाचं खरं मानू? मागच्या ताईचं का आताच्या ताईचं?"

मी तशीच माघारी आली. बाई, आपन दोघीनं मिळून केलं हे. तू एक चाचनी ठेवून देली, मी एक गोष्ट.

पानी बंद करायले घरोघर सांगून राह्यली. अर्धे आयकतात.

मनकर्णा


नागपूर, २१ ऑक्टोबर २०२४

मावशी,

मी निबंध मागे घेतला. पाणी पिण्याजोगं आहे असं लिहिलेलं पत्र चूक होतं, असं दुसरं पत्र ग्रामपंचायतीला, जिल्ह्याच्या आरोग्य विभागाला आणि प्रदूषणवाल्यांना पाठवलं. सर चौथ्या दिवशी म्हणाले, तुझी मुदत मार्चमध्ये संपते, ती वाढेल असं धरू नकोस. यंत्र न्यायला माणसं येतील.

पत्रात मी शेडचा उल्लेख केला आहे, हरीओमचं नाव लिहिलेलं नाही. ते लिहावं लागेल. पण ते मी लिहू का तू सांगशील, हे मला तुझ्यावर सोडायचं आहे. लहान असताना मी त्याला कडेवर घेऊन फिरले आहे. तरीही तू नाही सांगितलंस तर मी लिहीन, एवढं तुला आधीच सांगून ठेवते.

ज्योत्स्ना


मोहखेड, २ फेब्रुवारी २०२५

ज्योत्स्ना,

मी सांगतलं. तुले तीन महिने थांबवलं, पन सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत उभी राह्यली. शेड कोनाचं, ड्रम कोठून येतात, मले कधीपासून माहीत, सगळं. लोक काय ओरडले ते मले आयकू आलं नाई, तोंडं तेवढी दिसत होती. हरीओम मागच्या रांगेत होता. उठून गेला.

तीन दिवसांनी साहेब लोक आले, पंचनामा केला, शेडले सील लावलं. मशीन गेली. गोविंदसिंगनं जानेवारीच्या सुरुवातीलेच आपल्या वावरात बोअर मारून देला होता, दोनशे ऐंशी फुटावर पानी लागलं, थंडगार. सारं गाव आता तेच पेते. नाल्यावरचा फेस गेला.

हरीओम घरातच हाये, पन माया ताटासमोर बसत नाई. बायकोच्या हातून निरोप देते. वैष्णवीले सुईले मात्र तोच नेते अकोल्याले, दर अठ्ठावीस दिवसांनी, एक खाडा नाई. पोट्टी सुई घेते तेव्हा तो बाहेर पायरीवर बसून राह्यते, असं सून सांगते. तिची पाळी थांबली हाये. बाकीच्या पाचजणीयपैकी दोघीच जातात सुईले. तिघींच्या मायबापायनं कबूलच नाई केलं, पोरींच्या लग्नाले अडचन येईन म्हनतात.

मले वाटते, वाईटातून आपन बाहेर आलो.

मनकर्णा


नागपूर, ९ मार्च २०२५

मावशी,

माझी मुदत वाढली नाही. एका कॉलेजात तासावर शिकवायला लागले आहे. माझं सोड.

पंचनाम्याची प्रत मागवली होती, ती काल मिळाली. त्यात शेडमधले ड्रम मोजले आहेत, साबणाची पोती मोजली आहेत. पण एवढे ड्रम धुतल्यावर खाली घट्ट काळा गाळ उरतो, आणि तो नाल्यात वाहत नाही. तो टाकायला कुठेतरी खड्डा असणारच. कागदात खड्ड्याचा शब्द नाही. शेडच्या मागे जाऊन बघशील का? हात लावू नकोस. फक्त बघ, आणि त्यात पाणी असेल तर ते कमी होतंय का, ते बघ.

आणि नवी बोअर तिथून किती लांब आहे?

ज्योत्स्ना


मोहखेड, ७ एप्रिल २०२५

ज्योत्स्ना,

खड्डा हाये. शेडच्या मागं, वरून टिनानं झाकलेला, तोंडाशी चारपाच हात रुंद. काळं पानी, त्यावर तेलाचे रंग. बोअर तठून दोनशे पावलं, उतारावर.

मी त्यात खुना केलेली काठी रोवली. उन्हाचे दिवस हायेत, पानी तसंही आटतेच, म्हनून बाजूले टिनाखालीच एक घमेलं पान्यानं भरून ठेवलं. दर सोमवारी दोन्ही पायलं. घमेल्यातलं दोन बोटं कमी झालं. खड्ड्यातलं पयल्या हप्त्यात हातभर. दुसऱ्या हप्त्यात दीड हात. आज सकाळी पायलं तं काठीखाली नुसता गाळ हाये, मधात चिरलेला.

मी घरी येऊन हरीओमच्या पुढ्यात बसली. म्हनलं, आता तरी बोल. खड्ड्यातलं पानी कुठं गेलं? त्यानं मंग लाईटच्या बिलाच्या मागं लिहून देलं. ते बिल माया हातात हाये, जसंच्या तसं लिहिते: "तो खड्डा नाही माय. आजोबाचा जुना आड आहे. मी तोच वापरला. खाली कुठवर जातो मला माहीत नाही."

तीन वर्षांचा गाळ त्या आडात गेला, बाई. कोनत्या कोनत्या ड्रमचा, ते त्यालेही माहीत नाई.

मी तशीच बोअरवर गेली आन् पेटीतले तिन्ही फ्यूज काढून आनले. गोविंदसिंग धावत आला. त्याचे ओठ समजले, म्हनत होता, बाई, पयले नाल्याचं बंद केलं, मंग मशीनीचं, आता हे पानी तं स्वच्छ हाये, साहेबायनं तपासलं. मी इचारलं, कधी तपासलं? म्हने, जानेवारीत. मी म्हनलं, तेव्हा तो आड भरलेला होता, आता ते सारं जमिनीत उतरलं.

आता अंगनात लोक हायेत. बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या हायेत, उन्ह हाये, लेकरं तहानली हायेत, त्यायचं काई चुकत नाई. मी कोपऱ्यात बसून हे लिहून राह्यली, फ्यूज माया ओच्यात हायेत. हे पत्र सुनेच्या हातून शेलूबाजारच्या जीपवर धाडते, उद्या तुले भेटन.

हरीओम दारात उभा हाये, दोन्ही हात चौकटीले लावून, माया दिशेनं पाठ करून. तो लोकायले आडवून राह्यला का मले बाहेर जाऊ देत नाई, हे मले अजून समजलं नाई.

तू ये. लवकर ये.

मनकर्णा